ताटलीतले सात करवे

उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसायला लागल्या की माझा घसा दुखतो. डॉक्टर म्हणतात, याचा उसाशी काही संबंध नाही. डॉक्टर पुण्याचे आहेत, त्यांना काय सांगणार. कारखान्याचा भोंगा सुरू झाला, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, मैदानावर चुन्याच्या फक्कीचा वास आला, की या घशाला आपोआप कळतं की आता आपल्याला ओरडायचं आहे. हल्ली त्याला ओरडायचं नसतं. तो आणि मी, दोघंही थकलो आहोत. फरक इतकाच की तो दुखून सांगतो आणि मी चार माणसांत हसून वेळ मारून नेतो.

मी एसटीत कंडक्टर, आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. शिरूर-न्हावरे-दौंड ही माझी गाडी. 'पुढं सरका, मागं मोकळं हाय' करत करत जो आवाज घडला, तसा आमच्या भागात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. म्हणून एका हिवाळ्यात मला मैदानावर नेऊन हातात माईक दिला गेला. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांची मिळून अजिंक्यपद स्पर्धा व्हायची, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. मी रजा टाकून दोन दिवस मैदानावर मुक्काम ठोकायचो. गोळाफेक, लांब उडी, शंभर मीटर, सगळ्यांचं समालोचन करायचो, पण ते गाडीची पाटी वाचल्यासारखं. माझा जीव अडकलेला असायचा पंधराशे मीटरमध्ये.

का, हे मला अनेकांनी विचारलंय. शंभर मीटरचं असं आहे की भजं तोंडात घालून मान वर करावी, तर पोरं दोरीच्या पलीकडे. लांब पल्ल्याची शर्यत गेटातून बाहेर पडून हायवेला लागते आणि आपण तास-दीड तास रिकाम्या गेटकडे बघत बसतो. पंधराशे बरोबर तेवढीच लांब, जेवढ्यात शेजारी बसलेल्या प्रवाशाशी ओळख होते आणि कंटाळा यायच्या आत त्याचं गाव येतं. शिरूरचं मैदान लहान, दोनशे मीटरची आखणी, म्हणजे साडेसात फेऱ्या. दर फेरीला तोच माणूस समोरून जातो आणि दर फेरीला त्याचा चेहरा वेगळा. पहिल्या फेरीला फोटोला बसल्यासारखा. तिसरीला तहसील कचेरीच्या रांगेत उभा असल्यासारखा. पाचवीला असा, की त्याच्या आईनं ओळखू नये. आणि शेवटच्या फेरीत सगळं गळून पडतं, नुकत्या जन्मलेल्या बाळाचा असतो तसा लाल, उघडा चेहरा उरतो. चार-पाच मिनिटांत माणसाचं एवढं दर्शन दुसरीकडे कुठे होतं मला माहीत नाही. लग्नातही होत नाही.

शिवाय या शर्यतीत डोकं पळताना दिसतं. दौंडला एका वर्षी कुणीच पुढे जाईना. पुढे जाणाऱ्याला वारा लागतो, मागचा आयता दम राखतो, हे सगळ्यांनाच कळलेलं. बारा जण एकमेकांकडे तिरके बघत रेंगाळत होते, पहिल्या पंगतीला आधी कोण बसणार म्हणून रेंगाळतात तसे. वरवंडचे एक मामा दरवर्षी न चुकता यायचे, कांद्याचे व्यापारी. ते दोरीपाशी उभं राहून म्हणाले, "आरं, बैलं सोडली का बांधली?" सगळं मैदान हसलं, आणि त्या हसण्यात एका पोराचा धीर सुटला, तो सुसाट निघाला, आणि पुढच्या दोन मिनिटांत आम्ही प्रेक्षक एकमेकांचे खांदे धरून नाचत होतो. ती शर्यत कोण जिंकलं, मला आठवत नाही. मामांचा पटका खाली पडला होता आणि तो उचलायला त्यांना सवड नव्हती, हे मात्र आठवतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दर हिवाळ्यात मी ते सांगायला बसतो आणि मामांच्या पटक्यावर आटोपतं घेतो.

आमच्याकडे फेऱ्या मोजायचे आप्पा. निवृत्त खेळशिक्षक. कागदावर मोजायचे नाहीत, कागद वाऱ्यानं उडतो. खडे मोजायचे नाहीत, खडे खाली पडले की खड्यांत मिसळतात. आप्पा सकाळी ऊस सोलून त्याचे सात करवे करायचे, बोटाएवढे, पांढरेशुभ्र, आणि स्टीलच्या ताटलीत मांडायचे. शर्यत पलीकडच्या बाजूने सुटे. अर्धी फेरी करून पोरं पहिल्यांदा टेबलासमोरून गेली की सात फेऱ्या उरत, ताटलीत सात करवे. पुढे दर फेरीला एक करवा दुसऱ्या ताटलीत. पहिल्या ताटलीत एकच उरला की शेवटची फेरी, मग आप्पा लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा लोखंडी बोल्टने ठोकायचे. हा रूळ दौंडहून आलेला, त्याची घंटा पार नदीपर्यंत ऐकू जायची. शर्यत संपल्यावर ते सातही करवे जिंकणाऱ्याचे. चषक नंतर मिळायचा, त्याआधी तोंड गोड. पोरं चषकापेक्षा करव्यांसाठी पळतात असं आप्पा म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटाकडचा तो हिवाळा, स्पर्धा शिरूरला. चार वर्षं दोन पोरांची जुगलबंदी चालली होती. एक दौंडच्या रेल्वे कॉलनीतला अँथनी, इंजिन ड्रायव्हरचा मुलगा, उंच, पायांत खिळ्यांचे बूट, पहिल्या पावलापासून पुढे. दुसरा न्हावऱ्याचा मिलिंद. काटकुळा, सावळा, अनवाणी. त्याचे वडील दुसऱ्यांच्या उसात मजुरीला जात. मिलिंद सकाळी माझ्या गाडीबरोबर पळायचा. थांब्यावर गाडी थांबली की तो पुढे जायचा, गाडी सुटली की आम्ही त्याला गाठायचो. खिडकीतल्या बाया त्याला म्हणायच्या, "बस की आत, मेल्या, तिकीट आमी काढतो." तो हसायचा, दम वाया जाईल म्हणून बोलायचा नाही.

त्याची पळण्याची तऱ्हाच न्यारी. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे. पुढच्याकडे बघायचा नाही, लोकांकडे बघायचा नाही. टेबलासमोरून जाताना फक्त ताटलीकडे बघायचा. आणि ताटलीत एक करवा उरला, की त्याच्या अंगात कुणी दुसराच शिरायचा. ती त्याची शेवटची फेरी बघायला लोक न्हावऱ्याहून ट्रॅक्टरनं यायचे. दोन वर्षं अँथनी जिंकला होता, एक वर्ष मिलिंद, पण त्या वर्षी नंतर त्याचा पाय मुरगळला म्हणून त्याला पुढे जाता आलं नव्हतं. पुढे म्हणजे राज्याच्या स्पर्धेला. आमच्याकडून पहिला येणारा एकटाच तिथे जायचा, आणि तिथलं प्रमाणपत्र हातात असलं की भरतीत खेळाडूंच्या जागेला उभं राहता यायचं. वयाच्या अटीमुळे मिलिंदचं हे शेवटचं वर्ष. त्या सकाळी मैदानावर आल्यावर तो मला एवढंच म्हणाला होता, "मास्तर, आज न्हाई तर मग न्हाईच."

आता माझ्याकडे बघा. टेबलाशी उजव्या हातात माईक, डोळ्यांसमोर शर्यत, तोंडाचा पट्टा सुरू. "आणि दौंडची एक्स्प्रेस निघाली आहे, न्हावरे पॅसेंजर नेहमीप्रमाणे उशिरा धावत आहे." लोक हसताहेत. लोक हसले की मला चढते. डावा हात मोकळा. गळिताच्या दिवसांत गाडीत बायाबापड्या कंडक्टरच्या हातावर करवे ठेवतात, मी तिकीट फाडत फाडत ते चघळतो, हाताला सवयच ती. त्या हाताने माझ्या नकळत ताटलीतला एक करवा उचलला आणि माझ्या तोंडात घातला.

आप्पा पोरांकडे बघत होते. चौथ्यांदा ती समोरून गेली आणि आप्पांनी इमानाने एक करवा पलीकडे टाकला. चार उरायला हवे होते. तीन उरले.

पुढचं सगळं त्यातून आलं. दोन फेऱ्या बाकी असताना ताटलीत एक करवा होता आणि आप्पांनी रूळ ठोकला. घंटा वाजली की पळणारा विचार करत नाही, घंटेवर विश्वास टाकतो. अँथनी उसळला, त्याच्यामागचे तिघं उसळले. पंधरा पावलं मागे असलेला मिलिंद टेबलासमोर आला, त्याने ताटलीकडे पाहिलं, मग चार वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं, आणि हात वर करून दोन बोटं दाखवली.

मी माईकवर म्हणालो, "न्हावरेकर विजयाची खूण करत आहेत. आत्मविश्वास बघा."

अँथनीने छातीने दोरी तोडली, मैदान उभं राहिलं, पताका हलल्या. आणि त्याच गोंधळातून मिलिंद टेबल ओलांडून पुढे गेला. थांबला नाही. त्याचं अंगात येणं तिथे सुरू झालं. बाकीचे गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले, आणि हा एकटा वळणावर तुफान सुटलेला. अशी फेरी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतर पाहिली नाही. पावलं जमिनीला लागतात की नाही असं वाटावं. पण कुणी ती फेरी पाहिलीच नाही. सगळे हसत होते, कारण मी बोलत होतो.

"प्रवाशांनी नोंद घ्यावी, न्हावऱ्यासाठी जादा फेरी सोडण्यात आली आहे. गाडी रिकामी आहे, कुणाला यायचं असेल तर या."

लोक पोट धरून हसले. आणि त्या हशात माझ्या जिभेला दाढेशी काहीतरी लागलं. चोथा. उसाचा चोथा, अजून गोड होता.

मिलिंद तेव्हा पलीकडच्या वळणावर होता. अर्धी फेरी बाकी. माईक माझ्या हातात. एक वाक्य बोलायचं होतं. मी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसल्यासारखं केलं आणि चोथा त्यात घेतला.

तो टेबलाशी आला, धापा टाकत. "आप्पा, एक फेरी ऱ्हायली हुती."

आप्पा म्हणाले, "पोरा, माझी ताटली खोटं बोलत न्हाई."

घड्याळवाल्याने घड्याळ बघितलं, वेळ इतकी कमी दिसत होती की त्याने ते दोनदा तळहातावर आपटलं आणि म्हणाला, परत अडकलं. पंचांनी मिलिंदला सांगितलं, हरकत असेल तर अर्ध्या तासात लेखी अर्ज दे. तिकडे अँथनीपुढे ताटली आली. तो हसत म्हणाला, "मास्तर, छेच है. एक किधर गया?"

"मुंगीनं नेला," मी म्हणालो, आणि पुन्हा सगळे हसले.

मिलिंद अर्धा तास लिंबाखाली बसून होता. मी लांब उडी सांगत होतो, इतक्या जोरात, की लांब उडीला एवढं काय झालंय असं लोकांना वाटावं. मग तो उठला आणि चालत स्टँडकडे गेला. अर्ज त्याने केला नाही.

'जादा फेरी' हे नाव त्याला चिकटलं. माझ्याच गाडीत कॉलेजची पोरं त्याला त्या नावानं हाक मारायची. काही दिवसांनी तो माझ्या गाडीबरोबर पळेनासा झाला. मग गाडीतही दिसेना. कळलं की रांजणगावच्या कंपनीत लागलाय, कारेगावला खोली करून राहतो, शिफ्टमध्ये. दोन-तीन वर्षांनी स्टँडवर दिसला, मी हात केला, त्यानंही केला. गाडी सुटायची होती. कंडक्टरला हे एक बरं असतं, त्याची गाडी नेहमी सुटायची असते.

मी त्यानंतरही दर हिवाळ्याला माईक घेतला. पण खरं सांगू का, तेव्हापासून मला शर्यत नीट दिसत नाही. मी ताटलीकडे बघत राहतो. माईकवर गमती करतो, हशा येतो, आणि हशा आला की दाढेशी काहीतरी अडकल्यासारखं होतं. माणूस ओरडून थकत नाही हो. एक वाक्य न बोलता जेवढा थकतो, तेवढा वर्षभर ओरडूनही थकत नाही.

या वर्षी मी नाहीच म्हणालो होतो. घशाचं निमित्त होतं. आप्पांचा फोन आला. आप्पांच्या डोळ्यांत आता वडस वाढलाय, पळणारं पोर त्यांना धुरासारखं दिसतं. म्हणाले, "ये रे, शेवटचं. मोजणारा नवा आणलाय म्या."

मैदानावर गेलो तर टेबलाशी मिलिंद. कंपनीचा निळा शर्ट, कानापाशी थोडे पांढरे केस. चाकूने करवे करत होता, सगळे अगदी एका मापाचे. आप्पा शेजारी खुर्चीत, शाल पांघरून.

"मास्तर, बरं हाय का?"

"घसा बसलाय."

"बसू द्या की. लई पळालाय त्यो."

त्याने सात करवे ताटलीत मांडले आणि ताटली माझ्या हातापासून दूर, त्याच्या पलीकडच्या अंगाला सरकवली. सहज, डबा सरकवावा तशी. मी डावा हात खिशात घातला.

मी म्हणालो, "मिलिंद, त्या वर्षी..."

"म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"ताटलीत चार पाह्यजे हुते, तीन हुते. आन् तुमचा गाल फुगलेला हुता." तो चाकू पुसत होता. "मी दर फेरीला ताटलीच तर बघायचो."

आप्पांनी मान वळवली. "म्हंजी सात सोलले हुते म्या?"

"सातच हुते, आप्पा."

आप्पा थोडा वेळ शालीशी चाळा करत राहिले. "मला इतकी वरसं वाटायचं, त्या दिवशी सातवा सोलायचाच ऱ्हायला का काय. झोपेत मोजायचो म्या."

मी एकाचाच विचार करत आलो होतो. हे दुसरे इथेच बसलेले होते.

"अर्ज का नाही केलास?" मी मिलिंदला विचारलं. विचारताना मला वाटलं, तो म्हणेल, मास्तर, तुमची भीड पडली. तसं म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं.

"लिंबाखाली अर्जासाठी न्हवतो बसलो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी बसलो हुतो. म्हटलं, मास्तर आता बोलत्याल. ही उडी झाली की बोलत्याल. माईक तर तुमच्याच हातात हुता."

आवाजात राग नव्हता. शिफ्ट संपवून आलेला माणूस बोलतो, तसा आवाज.

पलीकडे पंधराशेची पोरं रेषेवर उभी राहत होती. मी माईक घेतला. नेहमी मी अशा वेळी पोरांची नावं नाटकातल्या पात्रांसारखी आळवून सांगतो. त्या दिवशी घसा खरखरत होता, तसाच बोललो. म्हणालो, एक दुरुस्ती सांगायची आहे. याच मैदानावर बऱ्याच वर्षांपूर्वी न्हावऱ्याच्या मिलिंदची जादा फेरी म्हणून आपण हसलो होतो. ती फेरी जादा नव्हती. शर्यत साडेसात फेऱ्यांची असते आणि त्या दिवशी ती एकट्या मिलिंदने पूर्ण केली. आप्पांनी ताटलीत सात करवे ठेवले होते. एक मी खाल्ला. मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी बोललो नाही.

मैदानाने किती ऐकलं, माहीत नाही. शेंगदाणेवाला ओरडत होता, रस्त्याने एक ट्रॉली गाणी लावून चालली होती. निम्मी पोरं तेव्हा जन्मलेलीही नसतील. दोरीपाशी वरवंडचे मामा होते, आता काठी घेऊन येतात. ते तेवढे टेबलाकडे वळून बघत राहिले, मला नाही, मिलिंदला. मग काठी काखेत धरून त्यांनी डोक्यावरचा पटका काढला, आणि पुन्हा घातला.

मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, शर्यत सोडा की आता."

शर्यत सुटली. मी फार बोललो नाही. पोरं समोरून गेली, मिलिंदने पहिला करवा पलीकडे ठेवला, दुसरा ठेवला. न्हावऱ्याकडचं एक पोर मागे मागे पळत होतं, अनवाणी नव्हतं, चांगले बूट होते. सहाव्या फेरीला त्याचा चेहरा आईनं ओळखू नये असा झाला. ताटलीत एक उरला. मिलिंदने उठून रूळ ठोकला आणि ते पोर उसळलं. मामा ओरडले, आप्पा धुराकडे तोंड करून ओरडले, आणि माझ्या बसलेल्या घशातूनही काहीतरी निघालं, माईक बाजूला ठेवून. किती वर्षांनी मी शर्यत बघत होतो.

ते पोर जिंकलं. टेबलाशी येऊन वाकून उभं राहिलं, नाकातून पाणी गळत होतं. मिलिंदने ताटली त्याच्यापुढे धरली.

"मोजून घे."

त्याला गंमत वाटली. पण मोजणाऱ्याच्या तोंडाकडे बघून त्याने बोट लावत लावत मोजले. एक, दोन, तीन. आप्पांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. माझेही.

"सात हायत," ते पोर म्हणालं.

मिलिंदने मान हलवली आणि पुढच्या शर्यतीसाठी ऊस सोलायला घेतला.